किरकोळ डावं, गंभीर उजवं

ऑडिटरसाहेबांना गाडी चालवता येत नाही, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे साहेबांनाही ठाऊक होतं. तरी ते ही गोष्ट गुपितासारखी जपून होते. गाडी घरचीच, पांढरी, नीटनेटकी. ती चालवायच्या त्यांच्या पत्नी. पत्नी मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका, त्यामुळे सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. दिवसभर सरकारी खात्यांतल्या भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस संध्याकाळी फाटकातून आत शिरला, की नुसता 'सिस्टरांचे मिस्टर' होऊन जायचा. वॉचमन सलाम ठोकायचा, तोही चालवणाऱ्याच्या खिडकीकडे बघून.

शेजारच्या सीटवर बसून साहेब काय करायचे? ऑडिट करायचे. "सिग्नल पिवळा होता." "तो सायकलवाला दिसला नव्हता तुला." "मघाचं वळण जरा लवकर घेतलंस." ज्याने आयुष्यभर झालेल्या व्यवहारांवर आक्षेप काढले, तो झालेल्या वळणांवर काढणार नाही तर काय करील. शिवाय त्यांचा उजवा पाय अखंड ब्रेक दाबत असे. त्या बाजूला ब्रेक नव्हता, पण म्हणून साहेबांनी कधी कर्तव्यात कसूर केली नाही. पायाखालच्या रबरी चटईला अंगठ्याच्या जागी भोक पडलं होतं, आणि या बाजूला कोण काय चालवतं, असं मेकॅनिकने एकदा सरळ मनाने विचारलंही होतं.

शेवटी एका चौकात सिस्टरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ज्या आवाजात त्या पेशंटच्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढत, त्याच आवाजात नियम केला. "गाडीत बोलायचं नाही. पेशंट टेबलावर झोपून सर्जनला सूचना करत नसतो."

तेव्हापासून गाडीत शांतता नांदत होती. चटईचं भोक मात्र वाढत होतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण विहीणबाई जेवायला आल्या. विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. साधी चौकशीसुद्धा तोंडी परीक्षेसारखी करायच्या. वाढणं चालू असताना त्यांनी विचारलं, "काल स्टेशनवर गाडी तुम्ही चालवत होतात. हे नाही चालवत?" प्रश्न सिस्टरांना होता, पण चमचा साहेबांचा थांबला.

"चालवतो की," साहेब म्हणाले. "परवान्याचं नूतनीकरण अडकलंय जरा."

लेक पाण्याच्या ग्लासात बघू लागली. सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. गोळी घेतली म्हणून सांगणाऱ्या पेशंटच्या उशीखाली गोळी दिसते आहे, अशी ती शांतता होती. त्या शांततेत माणसाने थांबावं की नाही? साहेब आणखी पुढे गेले. "पुढच्या खेपेला स्टेशनवर मीच येतो बघा तुम्हाला घ्यायला."

"ठरलं," विहीणबाई म्हणाल्या. "सुट्टी लागली की येते. तेव्हा बघू." आणि 'तेव्हा बघू' हे शब्द त्यांनी असे उच्चारले, की साहेबांना एकदम वर्गाच्या दारात उभं केल्यासारखं वाटलं.

आता नूतनीकरण करायला आधी परवाना असावा लागतो. साहेबांचा नव्हता. तरुणपणी त्यांनी एकदा मोटार शिकायचा प्रयत्न केला होता. शिकवणाऱ्याने मोटारीऐवजी पोहण्याचे फायदे समजावून सांगितले होते. विहीणबाईंच्या सुट्टीच्या आत परवाना मिळाला नाही, तर साहेबांची शोभा होणार ती होणारच, पण लेकीच्या सासरी "तुझे बाबा म्हणाले होते ना" हे वाक्य कायमचं वस्तीला येणार, हे त्यांना दिसत होतं.

मदतीला धावला तो जावई. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण या सासऱ्या-जावयांचं आजवरचं एकूण संभाषण पोस्टकार्डावर मावलं असतं. "काय, कसं काय?" "बरंय बाबा." "काम?" "चाललंय." मग वर्तमानपत्राचे दोन भाग करून दोघं वाचत बसायचे. या वेळी मात्र जावई वर्तमानपत्र बाजूला ठेवून हळूच म्हणाला, "बाबा, रस्त्यावर जायच्या आधी घरी सराव केलात तर? माझ्याकडे जुन्या रेसिंग गेम्स आहेत."

"पोरांचं खूळ ते," साहेब म्हणाले.

"पोरांचं होतं. ती पोरं आता माझ्या वयाची झाली."

पुढच्या रविवारी तो दोन सूटकेस घेऊन आला. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस सूटकेस उघडल्याबरोबर पार बदलला. मऊ फडक्यांत गुंडाळलेली जुनी यंत्रं, पिवळट पडलेली कंट्रोलर, वायरींची भेंडोळी, एक स्टीअरिंग, दोन पॅडल. एकेक वस्तू तो अशी काही बाहेर काढत होता, की सिस्टरांना प्रसूतिगृहाची आठवण झाली.

"एकदम गाडीत बसवणार नाही तुम्हाला," तो म्हणाला. "पहिलीपासून सुरुवात. रेसिंगमध्ये घराणी आहेत, बाबा. प्रत्येकाची शिस्त वेगळी."

हे साहेबांना पटलं. कुठल्याही हिशेबाला आरंभीच्या शिलकेपासून हात घालायचा, ही त्यांची जुनी सवय.

पहिलं घराणं अगदी गरीब. काळपट पडदा, त्यावर चार-पाच ठोकळ्यांची एक गाडी. वरून तशाच ठोकळ्यांच्या गाड्या खाली येतात, आपण डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं. संपलं. यात कसला रस्ता आणि कसली शर्यत, असं म्हणत साहेब बसले ते चहा निवेपर्यंत उठले नाहीत. दुसरं घराणं आकाशातून बघणाऱ्यांचं. सगळी धावपट्टी एका पडद्यात, आणि तीवर मुंगीएवढ्या गाड्या. यात गंमत अशी, की गाडी वर जात असते तोवर सगळं ठीक. ती वळून खाली यायला लागली, की आपलं डावं तिचं उजवं होतं. साहेब प्रत्येक उतरत्या वळणाला कुंपणात घुसत होते आणि प्रत्येक वेळी कंट्रोलरकडे लाचखाऊ कारकुनाकडे बघावं तसं बघत होते.

पण साहेबांचं खरं चित्त हरपलं ते तिसऱ्या घराण्यात. आपण गाडीच्या मागे, समोर क्षितिजापर्यंत रस्ता, दोन्ही बाजूंना माडांच्या रांगा, वर गुलाबी आभाळ, आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. पुढच्या कमानीपर्यंत वेळेत पोचलात तर थोडा वेळ वाढवून मिळतो, नाहीतर खेळ तिथेच खलास.

"बाबा, एक सांगू?" जावयाने आवाज खाली आणला. "हा रस्ता नाहीये."

"म्हणजे?"

"त्या वेळच्या यंत्राला रस्ता काढायची ताकदच नव्हती. नुसते आडवे पट्टे आहेत हे. फिका, गडद, फिका, गडद. ते सरकवले की आपण पुढे चाललो असं वाटतं. एका बाजूला ढकलत नेले की वळण. जवळजवळ आणले की चढ. आणि झाडं म्हणजे एकच चित्र, लहानाचं मोठं करत आणलेलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं. खरंच, पट्टेच होते. आयुष्यात त्यांनी बनावट हिशेब ढिगाने पाहिले होते. न बांधलेले पूल पाहिले होते, न खोदलेल्या विहिरी पाहिल्या होत्या. पण काहीही जवळ नसताना इतका मोठा रस्ता दाखवणारा, आणि एकही चूक सापडू न देणारा इतका देखणा बनाव त्यांनी कधी पाहिला नव्हता. "कोण होते रे हे लोक?" त्यांनी विचारलं. आवाजात आदर होता. असा आदर त्यांनी अर्थखात्याच्या सचिवांनाही कधी दाखवला नव्हता.

जावयाने मग जी बोलायला सुरुवात केली, ती दिवे लागेपर्यंत. सिस्टर दोनदा येऊन दारातून बघून गेल्या.

आता घरात इंजिन वाजायला लागलं, की शेजार गप्प बसत नाही. साहेबांच्या बरोबर खाली वाचनालयाच्या ग्रंथपालबाई राहायच्या. त्यांना वरून टायर किंचाळल्याचे आवाज येऊ लागले. त्यांनी सेक्रेटरींकडे लेखी तक्रार केली, आणि सेक्रेटरी नियमावली काखोटीला मारून हजर झाले.

"वाहनं नेमून दिलेल्या जागेतच उभी करावीत असा नियम आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर वाहन चढवल्याची तक्रार आहे."

"लिफ्टमधून?" साहेबांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? तक्रारीत गिअर बदलल्याचा उल्लेख आहे."

स्टीअरिंग दाखवलं, पॅडल दाखवलं. सेक्रेटरी पेचात पडले. स्टीअरिंग आहे, ब्रेक आहे, पण चाकं नाहीत. मग हे वाहन की फर्निचर? फर्निचर असेल तर त्याचा आवाज का येतो? प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल, असं म्हणत ते जरा टेकले, आणि टेकले ते नेमके खेळाच्या खुर्चीत. जावयाने त्यांना आकाशातून बघण्याचं घराणं लावून दिलं. सगळी धावपट्टी एका नजरेत, कोण कुठे आहे, कोण कुणाला आडवा जातोय, सगळं गच्चीवरून दिसावं तसं. सेक्रेटरींनी आयुष्यभर हेच केलं होतं. स्वतःची गाडी कुंपणाला घासत उभी आहे याचंही त्यांना भान नव्हतं. ते बाकीच्यांच्या चुका बघत होते.

हळूहळू साहेबांच्या ध्यानात आलं, की माणूस ओळखायचा तर त्याला कुठलं घराणं मानवतं ते बघावं. समोरचे विमा एजंट आले ते साहेबांना "खुर्चीतून पडलात तर कव्हर आहे का?" हा सल्ला द्यायला, आणि रमले कुठे, तर जिथे जिंकण्यापेक्षा गाड्या एकमेकींवर आदळण्यात जास्त गुण मिळतात तिथे. आदळताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा, तो त्यांच्या गिऱ्हाइकांनी पाहायला हवा होता. लेकीला आवडायच्या छोट्या लुटुपुटूच्या गाड्या, ज्यात मागच्यासाठी वाटेत काहीतरी घसरडं टाकून ठेवता येतं. नवऱ्यासाठी ती ते हमखास टाकायची. आणि ग्रंथपालबाई? जिन्यावर पाऊल न वाजवणाऱ्या, कुजबुजीपलीकडे आवाज न गेलेल्या ग्रंथपालबाई तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारायला आल्या, आणि मोटारसायकलच्या त्या घराण्यात शिरल्या, ज्यात शेजारून जाणाऱ्याला लाथ मारून पाडायची सोय असते. एक अक्षर न बोलता त्यांनी एकामागून एक पाडले. उठताना केस सारखे केले आणि म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही. सवय होईल."

तक्रार निकालात निघाली. सिस्टर मात्र बसल्या नाहीत. "दिवसभर स्ट्रेचर ढकलतेय मी," त्या म्हणायच्या. "घरी येऊन आणखी काय चालवू?"

इकडे ड्रायव्हिंग स्कूलही सुरू झालं होतं. तिथले मास्तर मोजकं बोलायचे आणि आपल्या बाजूचा जादा ब्रेक सढळ पायाने दाबायचे. पहिल्या दिवशी साहेबांनी गाडी बरी चालवली. परतताना तीच गल्ली उलट्या बाजूने लागली, तेव्हा मास्तर म्हणाले "डावीकडे" आणि साहेबांनी ठामपणे उजवीकडे घेतलं.

"डावीकडे म्हटलं मी."

"आता आपण खाली येतोय ना," साहेब म्हणाले.

मास्तरांनी रस्त्याकडे बघितलं. रस्ता सपाट होता. त्यांनी ब्रेकवरचा पाय तेवढा पक्का केला.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांना घाई सुटली. प्रत्येक सिग्नल त्यांना कमान वाटायचा आणि तो ओलांडला की ते कृतार्थ होऊन मागे टेकायचे, जणू आता थोडा वेळ वाढवून मिळाला. मास्तरांनी विचारलं, "कुठे पोचायचंय आपल्याला?" साहेब काचेच्या कोपऱ्यात घड्याळ शोधत होते.

आणि तिसऱ्या आठवड्यात तर कहर झाला. मधल्या काळात जावयाने त्यांना भविष्यकाळाच्या घराण्यात नेलं होतं. तिथे गाड्यांना चाकंच नसतात, त्या जमिनीवरून हातभर उंच तरंगतात, आणि वाटेवर बाण रंगवलेले असतात. बाणावरून गाडी गेली, की ती गोफणीतून सुटल्यासारखी सुटते. आता रंगवलेले बाण खऱ्या रस्त्यावरही असतात. साहेब एकही बाण सोडेनात. डाव्या रांगेतला बाण, लगेच उजव्या रांगेतला, मग पुन्हा डाव्या. मागचे हॉर्न वाजवतायत, साहेब प्रत्येक बाणानंतर अपेक्षेने सीटला पाठ लावतायत.

"साहेब," मास्तर शेवटी म्हणाले, "बाण वाचायचे असतात. गोळा करायचे नसतात."

तरी साहेब डगमगले नाहीत. कारण परवाना कार्यालयात परीक्षेचा पहिला भाग आता यंत्रावर होतो, असं त्यांना कळलं होतं, आणि यंत्राशी त्यांचं आताशा चांगलं जमत होतं. कार्यालयात मात्र आधी वेगळीच शर्यत पळावी लागली. या खिडकीने त्या खिडकीकडे पाठवलं, त्या खिडकीने फोटोत चष्मा का नाही म्हणून परत पाठवलं, आणि चष्म्यासह फोटो नेला तर काचेवर उजेड चमकतो म्हणून डोळे असल्याचा पुरावा मागितला. दुसऱ्यांचे खुलासे फेटाळण्यात हयात गेलेला माणूस खिडकीत वाकून म्हणत होता, "अहो, हे बघा, माझेच डोळे आहेत." असो. एकदाचे आत गेले.

आत एका केबिनमध्ये सीट, स्टीअरिंग आणि पडदा. पडद्यावर करडा रस्ता, ठोकळ्यांच्या इमारती आणि लांबून एकदम मोठी होणारी झाडं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. हे तर घरचंच. खात्याने यंत्र कुठल्या जमान्यातलं उचललं होतं, ते त्यांनी झाडावरून ओळखलं.

परीक्षकबाई म्हणाल्या, "करा सुरू."

साहेबांनी केलं. पहिल्या वळणाला त्यांनी आतली कड अशी कापली, की जावई बघायला हवा होता असं त्यांना मनापासून वाटलं. शाळेची बस डावीकडून मागे टाकली. एक रुग्णवाहिका दिवे लावून पुढे जाऊ बघत होती; तिला त्यांनी चांगलं दोन चौक झुलवलं. शेवटचं वळण तर गाडी आडवी घसरवत घेतलं आणि शेवटच्या रेषेवरून जाताना दोन्ही हात वर केले. मग ते पडद्याकडे बघत थांबले.

"झालं?" परीक्षकबाईंनी विचारलं. "बाजूच्या केबिनमधले अजून पहिल्या चौकात आहेत."

"नाव कुठे टाकायचं?" साहेबांनी विचारलं.

"कसलं नाव?"

"पहिल्या नंबरला."

परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी बरेच नापास पाहिले असतील, पण असा समाधानी नापास पाहिला नसावा. "साहेब, तुम्ही पहिलेच आलात," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "पण शर्यत नव्हती ही."

यंत्रातून कागद निघू लागला आणि बराच वेळ निघतच राहिला. साहेबांच्या नावे निघालेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला आक्षेप-अहवाल. प्रत्येक मुद्द्यावर खुलासा करावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण अशा खुलाशांचं पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कागदाची घडी करून ते निमूट बाहेर आले. पुन्हा परीक्षेला बसायचं तर मधे ठरावीक काळ जाऊ द्यावा लागतो. विहीणबाईंची सुट्टी त्याच्या आधी लागत होती.

पुढचे काही दिवस घरात इंजिन वाजलं नाही. ग्रंथपालबाई स्वतः वर येऊन विचारून गेल्या, की बरं नाही का. साहेब वर्तमानपत्र वाचत होते, तेही सगळे भाग एकट्याने. रविवारी जावई आला, सासऱ्यांचा चेहरा बघितला आणि काहीही न विचारता त्याने एक शेवटची चकती लावली.

"एक घराणं राहिलंय," तो म्हणाला. "रॅली. यात चालवायचं नाही तुम्ही. मी चालवतो."

रॅली म्हणजे डोंगरातली, जंगलातली, चिखलातली शर्यत. गाडीत दोघं. एक चालवतो, दुसरा त्याला पुढचं वळण सांगतो, कारण त्या वेगात चालवणाऱ्याला फक्त नाकासमोरचं दिसतं. खेळात सांगायला माणूस होता, पण चकती परदेशातून आलेली; तो कुठल्या भाषेत बोलतो ते जावयालाही कळत नव्हतं. त्याने त्याचा आवाज बंद केला. "तुम्ही सांगा, बाबा. वर कोपऱ्यात नकाशा येतो, तो बघून."

साहेब नाइलाजाने सरसावले. गाडी सुटली. गाडी झाडावर आदळली.

"डावं वळण होतं," साहेब म्हणाले.

पुन्हा सुटली. पुन्हा दरीत गेली. "हे उजवं होतं. जरा जोरात घेतलंस तू."

"बाबा," जावई अत्यंत अदबीने म्हणाला, "झालेलं वळण मला माहीत आहे. मी त्यातच पडलोय. पुढचं सांगा."

नोकरीला लागल्यापासून साहेब झालेलंच सांगत आले होते. ऑडिटर येतो तोवर पैसा गेलेला असतो, पूल पडलेला असतो, आणि तो फक्त कुठे चुकलं ते लिहितो. पुढचं सांगायची त्यांना कुणी आज्ञाच केली नव्हती. ते खुर्ची ओढून जवळ बसले. नकाशा बघितला. आणि डोंगरातल्या वळणाला काय म्हणायचं ते त्यांच्या तोंडून आपोआप ऑडिटच्या भाषेत आलं.

"किरकोळ डावं."

जावयाने स्टीअरिंग जरासं कलतं केलं. गाडी अलगद गेली.

"पुढे दखलपात्र उजवं. त्याला लागून गंभीर डावं. तात्काळ कार्यवाही व्हावी."

जावयाने ब्रेक मारला, वळला, निघाला.

"मग निरंक."

"निरंक म्हणजे?"

"काही नाही. सरळ. सोड."

जावयाने सोडली. पहिल्यांदाच ते शेवटच्या रेषेपर्यंत पोचले. मग दुसऱ्यांदा. जावई हसायला लागला, साहेबही हसायला लागले, आणि दारात उभ्या असलेल्या सिस्टर कितीतरी वेळ गेल्या नाहीत. पण खेळ संपल्यावर साहेबांनी सुस्कारा सोडला. "चांगलं आहे. पण याचा परवान्याला काय उपयोग?"

विहीणबाई आल्या त्या दिवशी स्टेशनवर तिघं गेले. सिस्टर, जावई आणि साहेब. विहीणबाईंनी सामान खाली ठेवलं, गाडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "आज तुम्ही चालवणार होतात ना?"

नूतनीकरण जिभेवर आलं होतं. पण साहेबांनी ते गिळलं. "विहीणबाई, परवाना मुळात नव्हताच. परीक्षा दिली. नापास झालो."

"कितव्यांदा?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"पहिल्यांदा. यंत्रावर पहिला आलो, पण नापास झालो."

विहीणबाईंनी प्रगतिपुस्तकावर सही करावी तशी मान हलवली, आणि तेच साहेबांना जास्त लागलं. ते मुकाट्याने पुढच्या सीटवर बसले. मागे विहीणबाई आणि जावई.

स्टेशन डोंगरापलीकडे होतं. घरी परतताना गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर मालट्रक उलटला होता. पोलिसांनी सगळी वाहनं जुन्या डोंगररस्त्याकडे वळवली होती. सिस्टर त्या रस्त्याने कधी गेल्या नव्हत्या. चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात समोरून धुकं आलं, दाट, दुधासारखं. आधी दरी दिसेनाशी झाली, मग कठडा, मग गाडीचं बॉनेटसुद्धा अंदाजाने. सिस्टरांनी वेग कमी केला, आणखी कमी केला. मागचे हॉर्न देऊ लागले. मागे फिरायला जागा नव्हती. वॉर्डात कुठल्याही प्रसंगी न हलणारे त्यांचे हात स्टीअरिंगवर घट्ट आवळले होते, आणि हे साहेबांनी पाहिलं.

हा रस्ता त्यांच्या ओळखीचा होता. डोंगरापलीकडच्या कोषागाराच्या ऑडिटला दर वर्षी ते याच रस्त्याने बसने जात-येत, आणि दर वेळी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसत, त्याच्यावर लक्ष ठेवायला. पण नियम होता. त्यांनी ओठ आवळले. मग राहवेना.

"बोलू का?" त्यांनी विचारलं.

"काय ते बोला," सिस्टर म्हणाल्या.

"समोर वडाचं झाड येईल. त्याच्यानंतर किरकोळ डावं."

धुक्यातून झाड आलं. सिस्टरांनी जरा डावीकडे घेतलं.

"आता निरंक. मोरीपर्यंत. मोरी संपली की गंभीर उजवं. आत्ताच हळू."

मोरीचा कठडा सरकला, रस्ता वळला, गाडी वळली. मागून विहीणबाई म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"आई, थांब," जावई कुजबुजला. "रॅली चाललीय."

"दखलपात्र डावं. लागून किरकोळ उजवं. तिथे रस्ता आतल्या बाजूला खचलाय, बाहेरून घे. बस. आता मोठं गंभीर डावं, तात्काळ कार्यवाही." साहेब पुढे वाकले होते. समोर काहीच दिसत नव्हतं, पण त्यांना रस्ता दिसत होता. फिका, गडद, फिका, गडद, असा तो पट्ट्यापट्ट्याने त्यांच्याकडे येत होता, आणि तो आला की ते तो सिस्टरांच्या स्वाधीन करत होते, त्या तो घेत होत्या. आवळलेले हात केव्हा सैल झाले, ते कुणालाच कळलं नाही. मागचे हॉर्न थांबले होते. मागच्या गाड्या आता सिस्टरांच्या मागच्या दिव्यांच्या भरवशावर ओळीने येत होत्या.

उतार लागला. धुकं विरत विरत फाटलं आणि एकदम ऊन दिसलं. मग विहीणबाईंनी मागून म्हटलं, "आमचे हे पुढच्या सीटवर बसून नुसते घोरतात." मुख्याध्यापिकांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणी ऐकली नसावी. जावई खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होता.

साहेबांना तेवढ्यात नियम आठवला. त्यांनी तोंड मिटलं आणि शहाण्या प्रवाशासारखे हात मांडीवर घेऊन बसले. खाली पाहिलं तर उजवा पाय चटईच्या भोकापासून चांगला वीतभर लांब होता. अख्ख्या डोंगरात त्याने एकदाही ब्रेक दाबला नव्हता.

रस्ता मोकळा झाला. सिस्टरांनी थोडी वाट पाहिली. मग समोरची नजर न काढता म्हणाल्या, "गप्प का झालात?"

"धुकं गेलं."

"मग? पुढे काय आहे ते सांगा की."

साहेबांनी मान उंचावून पाहिलं. दोन्ही बाजूंना शेतं, मधून सरळ काळा रस्ता, पार क्षितिजापर्यंत.

"निरंक," ते म्हणाले, आणि सिस्टरांनी गिअर बदलला.